दोन बॅचांमधले गाणे

पुण्याहून बारामतीच्या एसटीत चढले, तेव्हा माझ्या मांडीवर मी स्वतः जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. कंडक्टरने त्या पेटीवर बोटाने टकटक केली. "ताई, ह्यात जिवंत काय न्हाय ना?"

"अजून तरी नाही," मी म्हणाले.

पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत ते यंत्र निर्दोष ठरले होते. बारामतीच्या स्टँडवर मावसभाऊ नितीन गिटार घेऊन उभा होता. पुढे इंदापूरच्या गाडीने आम्ही निमगाव केतकीला उतरलो. पानमळ्यांच्या गर्द हिरव्या भिंतींमागे त्याच्या मित्राची, सोपानची, पोल्ट्री होती. पत्र्याचे लांबलचक शेड रिकामे होते. कोंबड्यांची एक बॅच (एका वेळी वाढवलेली तुकडी) विकली गेली, की दुसरी येईपर्यंतच यांचा हेवी मेटल बँड वाजू शके.

"पयल्या बॅचनंतर नितीन आन् मी पत्र्याचं डबं बडवलं," भाकरीवर शेंगदाण्याची चटणी वाढत सोपान म्हणाला. "दुसरीनंतर खरा ड्रम आला. तिसरीनंतर कळंबचा जावेद बास गिटार घिऊन आला. आता तुमची पेटी."

"कोंबड्या भराभर वाढत्यात, ह्यांचंच अडलंय," दारातून त्याचे वडील, तात्या, म्हणाले.

ते खरेच होते. घासलेल्या कॅसेटी ऐकून शिकलेल्या या तिघांनी स्वतःचे एक गाणे रचले होते, पण ते एकदाही शेवटपर्यंत वाजले नव्हते. जावेदला सुरतेत नोकरी लागली होती. दुसऱ्या दिवशी तो निघणार होता. आज नाही, तर कधीच नाही.

सुरुवात झाली आणि मी भिंतीला टेकले. सोपानच्या हातांत घरच्या धनगरी ढोलाचा ठेका मुरलेला होता. नितीनचा घोगरा आवाज त्यावर चढत गेला. तेवढ्यात पिल्लांचा टेंपो वेळेआधीच आला. ऊब धरावी म्हणून तात्यांनी सगळे बल्ब लावले. विजेचा दाब कोसळला आणि गिटार कण्हून गप्प झाली.

जावेद खांद्यावरचा पट्टा काढू लागला.

तात्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि बल्ब बंद केले.

"तात्या, पिल्लं गारठतील की!" टेंपोवाला ओरडला.

"खोक्यात एकमेकाला चिकटून हायती, दम धरतील. हे पोरगं उद्या चाललंय. वाजवा रं, पयल्यापास्नं!"

पत्रे थरारले. उपड्या ठेवलेल्या खाद्याच्या थाळीवर, कोंबड्यांखाली अंथरायच्या तुसाचे कण सरकू लागले आणि रांगोळीसारख्या रेषांत उभे राहिले. कंपनांची ही आकृती मी प्रयोगशाळेत काढली होती. पण तिथे माझ्या छातीचे ठोके तिच्याबरोबर चालले नव्हते. गाणे संपले. त्या शांततेत बाहेरच्या खोक्यांतून शेकडो पिल्लांची चिवचिव ऐकू आली. तात्यांनी बल्ब लावले, आणि आम्ही सगळे खोकी उतरवायला धावलो. सर्वांत पुढे जावेद होता.

पेटी मी तिथेच ठेवली. परतीच्या गाडीत केसांतून तुसाचा एक कण माझ्या ओढणीवर पडला. इंजिनाच्या धडधडीबरोबर तो थरथरत होता. ध्वनीविषयी मला बरेच कळते, अशी समजूत घेऊन मी निघाले होते. पुण्यापर्यंत त्या कणाकडेच पाहत राहिले.