सावकास जा

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. उलट शाळेच्या सहलीत भुताच्या गोष्टी सांगून पोरांना रडवणारा मास्तर मीच! सोसायटीत तर मी नामांकित थापाड्या. मी ‘पाऊस येतोय’ म्हणालो की बायका आधी गच्चीवर जाऊन खात्री करतात, मग दोरीवरचे कपडे काढतात. म्हणून आधीच सांगून ठेवतो... यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. आणि गोष्ट नेमकी एका अक्षराचीच आहे.

बीडला बार्शी रोडवर आमची सोसायटी. घरांकडून गेटकडे जाताना पाण्याची टाकी लागते आणि तिथंच काटकोनात वळण. भिंतीवर बोगनवेल अशी माजलीय की पलीकडचं काही म्हणता काही दिसत नाही. सकाळी क्लासला जाणारी पोरं तिथून स्कूट्या उडवत निघायची. मीही त्यातलाच — सिरसाळ्याच्या शाळेसाठी मला सातची एसटी गाठायची असते.

वळणावरच्या सुभद्राकाकूंना अशाच एका स्कूटीनं उडवलं. पायात रॉड पडला. बऱ्या झाल्यावर काठी टेकत त्या चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराकडे गेल्या. सोबतीला मी.

“काकू, आतला रस्ता तुमच्या सोसायटीचा,” तो म्हणाला. “आमची शिट्टी गेटपर्यंतच. आत पोलीस बी तुमीच.”

“मीच?” काकूंचा चेहरा खुलला. “मग झालं तर!”

गतिरोधकाचा ठराव मीटिंगमध्ये तीनदा बारगळला होता. काकूंनी दुसऱ्या दिवशी टाकीजवळ रस्ताभर रांगोळी काढली. कडेला फक्त हातभर वाट सोडली आणि खाली लिहिलं — ‘सावकास जा’.

रांगोळीवर चाक घालायची कुणाची छाती होणार? सगळे मुकाट उतरून कडेनं गाडी ढकलत न्यायला लागले! मी मात्र रोज खोडी काढायचो.

“काकू, सावकाश! शहामृगाचा श!”

“गाडी थांबली का न्हाई, मास्तर?”

“थांबली.”

“मग माजा स बरोबर हाय.”

पुढे काकू आजारी पडल्या. दोन महिने अंथरुणावर होत्या, आणि गेल्या. रांगोळी बंद झाली, गाड्या परत सुसाट. सगळ्यात आधी माझी.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळचे पावणेसात, चांगलं उजाडलेलं. उशीर झाल्यामुळे मी गाडी ताणली होती. टाकीजवळ आलो आणि — रांगोळी! रस्ताभर, ताजी, पांढरीशुभ्र. मध्ये हळदकुंकू, खाली शब्द. दोन्ही ब्रेक एकदम दाबले. गाडी घसरत घसरत वळणावर भिंतीला टेकली.

पलीकडे चार हातांवर, रस्त्याच्या मधोमध, काकूंचे मालक बसले होते. अण्णा. पाठ माझ्याकडे, मांडीवर रांगोळीचा पत्र्याचा डबा.

“मास्तर, झाकण निघंना झालंय,” ते मान वळवून म्हणाले. “म्हनलं, तिचं काम बंद पडलंय... आपुन दोन रेघा वढाव्यात.”

मी गाडी स्टँडला लावली. “अण्णा, मग ती रांगोळी कुणी काढली?”

“कोन्ती?”

मी मागे पाहिलं. नुसतं डांबर. माझ्या टायरचा काळा पट्टा, बस्स. टायरला पांढरा कण नाही.

अण्णांनी माझा हात घट्ट धरला. “काय लिवलं होतं?”

“सावकाश जा.”

“सावकास?”

“नाही अण्णा. सावकाश... शहामृगाचा श.” बोलता बोलता माझं मलाच समजलं — काकू तर कायम स काढायच्या.

अण्णा मला घरात घेऊन गेले. काकूंच्या उशीखालून त्यांनी कॅलेंडरची पानं काढली. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं, थरथरत्या हातानं — श श श श. पानंच्या पानं. शेवटच्या ओळीतले थोडे जमलेले.

“पडल्या पडल्या गिरवायची,” अण्णा म्हणाले. “मला म्हनली, मास्तरला सांगू नका. उठले की रस्त्यावरच दाखवते.”

मी रोज ज्यावरून हसत होतो, ते हे अक्षर. एसटी गेली. मी त्या खाटेवर बसून राहिलो.

सोसायटीत सांगितलं, तर लोक टाळ्या देत म्हणाले, “मास्तर, ही मात्र लई भारी जमली!” हयातभर थापा मारल्याचं फळ, दुसरं काय. डोळे तपासले, नंबर तोच निघाला. उन्हाची तिरीप असेल, मनाचा खेळ असेल... असेलही. पण मग तो श कुठून आला? ती पानं तर मी तोवर पाहिलीच नव्हती.

रांगोळी मला पुन्हा कधी दिसली नाही. अण्णा मात्र रोज सकाळी टाकीजवळ उभे असतात. मी उतरतो, आणि जिथं हातभर वाट असायची तिथूनच गाडी ढकलत नेतो.

“मास्तर, आज हाय का?”

“आहे ना, अण्णा.”

“आन् श?”

“एकदम बरोबर.”

अण्णा खाली बघतात, कोऱ्या डांबराकडे. आणि पुसली जाऊ नये म्हणून एक पाऊल मागं सरकतात.