शेवटच्या बाकाची मिस

शाळा बघायला आलेल्या पालकांना पळवून नेणारी शिक्षिका मी आयुष्यात एकच पाहिली. शारजातल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत मी ॲडमिशनच्या टेबलावर बसते. पालकांना गार पाणी द्यायचं, गुळगुळीत माहितीपत्रक हातात ठेवायचं, लॅब आणि स्विमिंग पूल दाखवायचा आणि मंडळी भुलली असं वाटलं की हळूच फी सांगायची, हे माझं काम. माझं निम्मं बोलून होतंय न होतंय तोवर कॉरिडॉरमधून मिस यायच्या आणि म्हणायच्या, "या माझ्याबरोबर. पाच मिनिटं शेवटच्या बाकावर बसून बघा. पहिल्या बाकावरून सगळ्याच शाळा चांगल्या दिसतात."

आमच्याकडे बाक नाहीतच, सुटी टेबलं आणि खुर्च्या आहेत. पण मिस वसईच्या. लहानपणी ज्या बाकावर बसल्या तो त्यांच्या तोंडातून कधी गेला नाही. उंची बेताची, पायात पांढरे बूट, आणि आवाज वसईच्या मासळी बाजारात तयार झालेला. एकदा एक सुटातले गृहस्थ त्यांच्यामागून गेले आणि परत येऊन मला फी विचारायच्या ऐवजी म्हणाले, "तुमच्या गणिताच्या मॅडम मागे बघतच नाहीत का हो?" त्यांनी ॲडमिशन घेतली नाही हे सांगायला नको.

मी तणतणत मिसकडे गेले. "मिस, माझं गिऱ्हाईक पळवता तुम्ही!"

"अगं रेहाना, पळवत नाही. शेवटच्या बाकावरून कुणाचा हात वर येतो का ते बघायचं. आला, तर तो टीचरला दिसतो का ते बघायचं. एवढं ज्या शाळेत आहे ती शाळा चांगली. बाकी सगळं फर्निचर."

मिस संख्याशास्त्र शिकवायच्या, तेही एपीचं. एपी म्हणजे शाळेत असतानाच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय. वर्षभर शिकायचं, मे महिन्यात परीक्षा द्यायची आणि पाचपैकी गुण मिळवायचे. आमचे जुने प्रिन्सिपल या परीक्षेला फक्त निवडक हुशार मुलांना बसवत. बाकीच्यांनी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, कारण शाळेचा निकाल खाली येईल. माझा आयान या बाकीच्यांतला. कायम मागे बसणारा, मराठीत विचारलं तरी निम्मं इंग्रजीत उत्तर देणारा, आणि तेही दोन शब्दांत.

ईदला मिस दुबईच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या अल नहदाच्या घरी शीरखुर्मा खायला आल्या होत्या. आयानचे अब्बा दुबईत नोकरीला. सुट्टी न मिळाल्यामुळे त्या दिवशीही कामावर गेले होते आणि परतताना हद्दीवरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले होते. मी दहादा फोन करत होते. आयान बाल्कनीत उभा राहून खालच्या गाड्यांचे लाल दिवे बघत म्हणाला, "मगरिबच्या नमाजनंतर लगेच येतील, मम्मी. डोन्ट कॉल." आणि तसंच झालं. मला त्यात विशेष वाटलं नाही, तो रोजच असं सांगायचा. मिसनी मात्र विचारलं, "कसं ओळखलंस रे?"

"इट्स जस्ट पॅटर्न्स, मिस. कोणता वार, कुठल्या लेनमध्ये गाड्या थांबल्यात, स्कूल ओपन आहे की नाही."

मिसनी वाटी खाली ठेवली. "हा मला माझ्या वर्गात पाहिजे."

प्रिन्सिपल अर्थातच नाही म्हणाले. मिस रोज त्यांच्या केबिनमध्ये जाऊन उभ्या राहायच्या. "ज्याला आधीच येतं त्यालाच शिकवायचं, तर मला पगार कशाचा देता?" असं त्या त्यांना तोंडावर म्हणाल्याचं मी बाहेरून ऐकलं आहे. शेवटी त्या माणसाने कंटाळून होकार दिला. आयानला पुढच्या वर्षीसाठी एक खुर्ची मिळाली. त्या दिवशी तो घरी आल्यावर पूर्ण पाच मिनिटं सलग बोलला, आणि मी मिसच्या नावाने मनातल्या मनात दुआ मागितली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रिन्सिपल बदलले. नवे मोठे तडफदार होते. त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की आता मोठ्या वर्गातलं प्रत्येक मूल एपीला बसणार, तेही एका नाही, चार विषयांत. गेटवर 'शंभर टक्के मुलं एपीला' असा भलामोठा बॅनर लागला. पालक तो बॅनर वाचूनच आत यायचे, मला फार बोलावंही लागायचं नाही. मला खरंच आनंद झाला होता. इतकी वर्षं ज्या मुलांना दाराबाहेर ठेवलं, ती सगळी आत आली. मी मंडणगडला अम्मीला फोन करून सांगितलं की तुझा नातू चार-चार विषयांत एपी करतोय. तिला एपी म्हणजे काय ते कळलं नाही, पण तिने मोहल्ल्यात सगळ्यांना सांगितलं.

ऑक्टोबर उजाडेपर्यंत आयान बाल्कनीत जायचा बंद झाला. अब्बा कधी येणार विचारलं तर खांदे उडवायचा. ताटातली मच्छी तशीच राहायची. "आय ॲम फाइन, मम्मी," एवढंच. आणि एक दिवस मिसनी मला बाजूला घेऊन सांगितलं की तो त्यांच्याकडे जाऊन म्हणाला, "मिस, प्लीज माझं नाव काढा. स्टॅट्समधूनपण. आय ॲम नॉट एपी मटेरियल." ज्या एका खुर्चीसाठी मिस महिनाभर भांडल्या होत्या तीच तो सोडून चालला होता.

त्याच आठवड्यात स्टाफ मीटिंग होती. परीक्षेसाठी नावं पक्की करायची मुदत जवळ आली होती. मिस उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की मुलांना निवडू द्या. नवे प्रिन्सिपल हसले. "मिस, सुना है लास्ट इयर तो आप ही बोल रही थीं, सबको चान्स दो!"

"दरवाजा खोलने को बोला था, सर. पीछे से धक्का देने को नहीं."

"लेकिन बॅनर का नंबर झूठा तो नहीं है ना?"

"नंबर एकदम सच्चा है. पण तो कशाचा आहे? किती मुलं बसवली याचा. किती शिकली याचा नाही. बुखार देखना हो तो थर्मामीटर मुँह में रखते हैं, सर. चाय के कप में नहीं."

संतापल्या की मिसचं हिंदी मध्येच मराठीवर घसरायचं. मिसना लोक उलट्या डोक्याच्या म्हणायचे, कारण आधीचे दार लावत होते तेव्हाही त्या भांडल्या आणि नव्यांनी सताड उघडलं तेव्हाही. मला त्या दिवशी कळलं की त्या दोन्ही वेळा एकाच गोष्टीसाठी भांडत होत्या. "एक पिरियड पीछे बैठिए, सर. बस एक," मिस म्हणाल्या. प्रिन्सिपल मनाने वाईट नव्हते. "यल्ला," म्हणाले, "चलिए."

दुसऱ्या दिवशी ते एपी फिजिक्सच्या वर्गात मागच्या दाराने शिरले आणि आयानच्या शेजारी बसले. दाराच्या काचेतून मिस आणि मी चोरून बघत होतो. वर्ग खच्चून भरलेला. बिचारी टीचर बोर्डाकडे तोंड करून भराभर लिहीत होती, मे महिन्याच्या आत सगळं संपवायचं होतं तिला. मागच्या दोन रांगांतून एकही हात वर आला नाही. मग एक आला. तो प्रिन्सिपलचा होता. त्यांना बहुधा बोर्डावरचं काही समजलं नव्हतं. हात बराच वेळ वर राहिला आणि टीचर काही वळली नाही. शेवटी त्यांनी तो हळूच खाली घेतला आणि शेजारी आयानकडे बघितलं. मिस त्या वेळी हसल्या नाहीत, एवढं माझ्या लक्षात आहे.

चार दिवसांत नोटीस आली की कोणते विषय घ्यायचे आणि घ्यायचे की नाही हे मुलाने, पालकांनी आणि टीचरने मिळून ठरवावं. बॅनर काही उतरला नाही, फक्त त्यावरचा आकडा पुढच्या वर्षी बदलला आणि बराच खाली आला. मिसनी आयानला बोलावलं. "नाव काढायला सांगितलंस ना? तीन ठिकाणचं काढते. चौथं माझं आहे, ते राहणार."

ते राहिलं. पोराने वर्षभर हद्दीवरच्या ट्रॅफिकचाच अभ्यास केला. अब्बांनी ऑफिसातून कधी निघावं हे तो सांगू लागला आणि अब्बा ऐकू लागले. कित्येक संध्याकाळी आम्ही तिघं एकत्र जेवलो, हे मला त्याच्या निकालापेक्षा मोठं वाटतं. निकाल जुलैत लागला, पाचपैकी तीन. नातेवाइकांनी फोनवर विचारलं, पाच का नाही? मिस मात्र सुट्टी असूनही वसईहून फोन करून ओरडल्या, "तीन! स्वतःचे तीन!"

पुढच्या जूनमध्ये मिस साठीच्या झाल्या. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि मुक्काम खलास. शेवटच्या दिवशी त्या माझ्या टेबलासमोर पालकांच्या खुर्चीत येऊन बसल्या आणि गार पाणी प्यायल्या. मला रडू आवरेना. "अगं, रडतेस काय? आता गिऱ्हाईक पळवायला कुणी नाही, मजा कर," म्हणाल्या. विमानतळावर जायला किती वाजता निघायचं ते आयानने सांगितलं. "यू विल रीच अर्ली, मिस," तो म्हणाला, आणि आम्ही वेळेआधीच पोचलो. निरोप घेताना मिसनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो पहिल्यांदाच निव्वळ मराठीत म्हणाला, "परत या."

सप्टेंबरमध्ये एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी गप्प, आईचा पहिला प्रश्न, "एपीला किती परसेंट बसतात?" मी आकडा सांगितला. आईने नाक मुरडलं. माहितीपत्रकाकडे जाणारा माझा हात थांबला. मी उठले. "या माझ्याबरोबर," म्हटलं, "पाच मिनिटं शेवटच्या बाकावर बसून बघा."

फिजिक्सचाच वर्ग चालू होता, टीचरही तीच. आम्ही तिघी मागे बसलो. आई घड्याळ बघत होती, मी आई काय म्हणते ते बघत होते. तेवढ्यात माझ्या शेजारून एक हात वर आला. त्या गप्प मुलीचा, परक्या शाळेत, परक्या वर्गात.

टीचर बोर्डापासून वळली आणि तिला तो दिसला.