चिखलाच्या आधीचा प्रश्न

म्हात्रे डॉक्टर गेल्याचं मला धाटावच्या कारखान्यांपाशी कळलं. सकाळच्या शिफ्टच्या बसमधून उतरणाऱ्यांना मी पत्रकं वाटत होते. पेणहून फोन आला आणि उरलेला गठ्ठा पिशवीत परत घातला. मजकूर त्यांचाच होता : ‘परदेशी कामाला जाताय? आधी डॉक्टरला सांगा. परत आल्यावर ताप आला, तर पुन्हा सांगा.’

आमची ओळख भांडणातून झाली. माझा मामेभाऊ संदीप आफ्रिकेत वेल्डिंगच्या कामाला होता. भाताच्या लावणीसाठी गावी, गडबला आला, दुसऱ्याच दिवशी शेतात उतरला, आठवड्यात तापानं फणफणला. म्हात्रे डॉक्टरांकडे गेला. पावसाळा, भातशेती, पोटरीपर्यंत चिखल... डॉक्टरांनी लेप्टो समजून गोळ्या दिल्या. आमच्याकडे शेतातला ताप म्हणजे तोच. हा होता मलेरिया, तिकडून आलेला. कळेपर्यंत मेंदूत गेला होता. संदीप वाचला नाही.

मी पत्रक छापलं, ‘डॉक्टर झोपले, पेशंट गेला’, आणि त्यांच्याच दवाखान्याच्या पायरीवर वाटायला बसले. त्यांनी आत बोलावलं. चष्मा लावून पूर्ण वाचलं.

“बस गो. एक दुरुस्ती कर. झोपलो नव्हतो. पायाचा चिखल बघितला आणि कुठून आलास ते विचारलंच नाय. असं लिही. नाव टाक माझं.”

राग गेला नाही, अजूनही आहे. पण इतकं सरळ माझ्याशी तोवर कुणी बोललं नव्हतं.

मग साठी उलटलेला हा माणूस पुस्तकं घेऊन बसला. कुठल्या देशात कुठला ताप, जायच्या आधी कुठली लस, कुठल्या गोळ्या. “शिकवलेलं विसरलो, बाकीचं शिकवलंच नाय,” म्हणायचे. पेणच्या बाजारातून शिक्का करून घेतला : ‘वर्षभरात परदेशात कुठे होतात?’ केसपेपरवर आधी तो उठायचा, मग नाडी. एका म्हातारीलाही विचारलं. “व्हय, दुबईला भाजी विकते मी!” डॉक्टरांनी हसत ‘नाही’ लिहिलं.

रविवारी आम्ही दोघं पेण-रोह्याचे दवाखाने फिरायचो, तुम्हीही हा प्रश्न विचारा म्हणून सांगायला. “आमचे पेशंट कुठले फॉरेनला, डॉक्टर? फार तर पनवेल!” असं म्हणून चहा पाजणारेच जास्त. आणि बाहेर त्यांच्याच बाकावर परदेशी नोकरीच्या एजंटानं तपासणीला पाठवलेले फिटर बसलेले! माझं डोकं फिरायचं. डॉक्टर चहा संपवायचे, म्हणायचे, “चल, पुढचा कोण?”

मागच्या आठवड्यात मला ताप आला. त्यांच्या खुर्चीत आता नवे डॉक्टर बसतात. त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. “शेतात गेलेलात?” आणि लिहायला लागले. शिक्का टेबलाच्या कोपऱ्यात होता, पॅडची शाई सुकलेली. वाद घालायचं त्राण नव्हतं. बाटलीतलं थोडं पाणी पॅडवर शिंपडलं आणि त्यांच्या पुढ्यातल्या कागदावर शिक्का दाबला. फिकट उठला.

पेन थांबलं. त्यांनी वाकून वाचलं.

“कुठे होतात?”

“कुठंच नाय,” मी म्हणाले. “पण लिहा तसं.”