बासिलियाची लाल रेघ

जपानहून येणाऱ्या जुन्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं आणि आमच्या बोलिव्हियात ते डावीकडे लागतं. आमच्या एल आल्तो शहरातल्या गॅरेजवाल्यांनी यावर सोपी तोड काढली. स्टिअरिंग उचलायचं, डावीकडे बसवायचं आणि बाकीच्या भानगडीत पडायचं नाही. त्यामुळे गाडी चालवतो एक, आणि वेग, डिझेल, इंजिनाची उष्णता दाखवणारे काटे राहतात शेजारी बसलेल्याच्या पुढ्यात. परक्याला हसू येतं. आम्हाला त्यात काही वावगं वाटत नाही. शेजारचा बघतो आणि सांगतो, झालं काम.

फोर्तुनातो लारुताचं पोट या अर्धवट कामावरच भरायचं. ज्याला काटे आपल्या डोळ्यांसमोर हवेत तो त्याच्या पत्र्याच्या दुकानात यायचा. फोर्तुनातो डॅशबोर्डला गोल भोक पाडायचा, नवा काटा बसवायचा, मागून तारा ओढायचा, धोक्याचा लाल दिवा जोडायचा. हात इतका सफाईदार की काटा कारखान्यातूनच बसून आलाय असं वाटावं. काम संपलं की तो काच पुसायचा, दोन पावलं मागे सरकायचा आणि स्वतःवरच खूश होऊन बघत राहायचा. माणूस भला, बायको गेल्यापासून एकटा, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेला. खोड मात्र एक होती. “झालं का?” असं कुणी विचारलं की काम झालेलं असो नसो, त्याच्या तोंडून “झालं” निघून जायचं. मग ते खरं करण्यासाठी त्याची धावपळ चालायची. बहुतेक वेळा जमायचंही.

कासियानो हा त्याचा शेजारी आणि जुना दोस्त. मिनीबसने कोरोइकोच्या खोऱ्यात माणसं न्यायची आणि संत्री, कोकाची पानं, माणसं सगळं भरून परत घाट चढायचा, हा त्याचा रोजचा रस्ता. शेजारच्या सीटवर त्याची बायको बासिलिया. घेरदार घागरा, मांडीवर गोल हॅट, डोळे काट्यांवर. “अहो, काटा चढतोय. थांबा. पाणी घाला.” कासियानो मुकाट थांबायचा. आमच्या उंचीवर पाणी लवकर उकळतं, बटाटा शिजायला अर्धी सकाळ जाते. काट्यावर छापलेला लाल पट्टा समुद्रकाठच्या लोकांसाठी असतो. तो गाठेपर्यंत इथलं इंजिन आटोपलेलं असतं. म्हणून बासिलियाने त्या काचेवर, छापील लालच्या बरीच खाली, नखांच्या रंगाने स्वतःची एक लाल रेघ ओढली होती. त्या रेघेवर गाडी चालायची म्हटलं तरी चालेल.

आणि एक दिवस कासियानो एकटाच दुकानात आला.

“मिस्त्री, तो उष्णतेचा काटा माझ्यासमोर आण.”

“का रे? वहिनींचे डोळे गेले की काय?”

“डोळे शाबूत आहेत. तोंडही शाबूत आहे, हाच तर त्रास! जाताना बडबड, येताना बडबड. शिवाय ती उतरली की पुढे एक पॅसेंजर बसेल.”

“त्यांना विचारलंस?”

“ती बहिणीकडे गेलीय. परत येईपर्यंत उरकून टाक.”

फोर्तुनातोला ते बरं वाटलं नाही. बासिलिया त्याला भाऊजी म्हणायची, तो आजारी असताना तिनेच सूप पोचवलं होतं. पण कासियानोने निळा उजेड देणारा नवाकोरा काटा पुढे केला आणि मिस्त्रीचे हात शिवशिवायला लागले. इंजिनात उष्णता सांगणारं टोक एकच, त्याला तार एकच. ती नव्या काट्याला दिली की उजवीकडचा मेला. त्याने दिली. कासियानो म्हणाला, “तो लाल फराटाही पुसून टाक, घाण दिसतोय.” फोर्तुनातोने पेट्रोलचा बोळा घेतला आणि बासिलियाची रेघ स्वतःच्या हाताने पुसली. नव्या काट्यावर तशी रेघ लागणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण नव्याचे आकडे निराळे. एक तर इंजिन मुद्दाम तापवून बघायला हवं होतं, नाहीतर बासिलियाला विचारायला हवं होतं. तिला विचारायचं कुठल्या तोंडाने? पुढच्या वेळी बघू, असं त्याने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी बासिलिया स्वतःच आली, उकडलेले वाल आणि चीज घेऊन. जुन्या टायरवर बसली.

“मला उतरवलंत भाऊजी.”

“वहिनी, मी कोण उतरवणार? गिऱ्हाईक सांगतं ते—”

“असू दे. नवऱ्याचीच गाडी आहे. रेघ ओढलीत ना नव्यावर?”

“ओढली.”

नेहमीसारखा शब्द सुटून गेला. बासिलियाने मान डोलावली, वाल त्याच्यासमोर सरकवले आणि निघून गेली. तिचा विश्वास बसला होता. ते वाल त्याला गिळवेनात.

त्याच दिवशी त्याने बाजारातून नखांच्या लाल रंगाची बाटली आणली. रविवारी कासियानो आला तेव्हा बाटली खिशातच होती. पण कासियानोने चार ड्रायव्हर गोळा केले होते. “बघा, बघा! दागिना आहे दागिना! आमच्या मिस्त्रीसारखा हात अख्ख्या एल आल्तोत नाही.” निळी काच चमकत होती. त्या काचेवर सगळ्यांदेखत लाल फराटा ओढायचा फोर्तुनातोला धीर झाला नाही. खरं सांगायचं तर मनच झालं नाही. बाटली खिशातच राहिली.

त्याच आठवड्यात घाट चढताना इंजिन गेलं. माणसं वाचली, गाडी रस्त्याकडेला उभी राहिली आणि वाफेत दिसेनाशी झाली. ती ओढून आणली तेव्हा कासियानोचा चेहरा राखेसारखा झाला होता. इंजिन भंगारात घालण्यापलीकडे काही उरलं नव्हतं.

“मी काट्यावरून नजर हलवली नाही रे!” तो फोर्तुनातोचा दंड धरून सांगत होता. “लालच्या कितीतरी खाली होता काटा! तुझा काटा चोख चालत होता. मग झालं कसं?”

हीच बोलायची वेळ होती. फोर्तुनातोने तोंड उघडलं आणि तेवढ्यात कासियानोच्या आईने उत्तर देऊनही टाकलं. “कसं म्हणजे? बायकोला उतरवलंस, तिने नजर लावली. सकाळी दारात उभी राहून गाडीकडे कशी बघत होती, मी पाहिलंय.”

बोलता बोलता हे गल्लीभर झालं. बासिलिया कोपऱ्यावर जेलीचे पेले विकायला बसायला लागली होती. तिथून बायका पोरांना ओढून न्यायला लागल्या. फोर्तुनातो रोज ते बघायचा. त्याला झोप लागेना. कासियानोने वापरलेलं इंजिन आणलं तेव्हा त्याची सगळी वायरिंग फोर्तुनातोने फुकट करून दिली. कासियानोने त्याला मिठी मारली. “देवमाणूस आहेस!” फोर्तुनातोला त्याने थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

शेवटी त्याच्याने राहवेना. तो कोपऱ्यावर गेला आणि तिच्यासमोर उकिडवा बसला.

“वहिनी, मी रेघ ओढली नव्हती.”

“ठाऊक आहे. गाडी ओढून आणली तेव्हा मी आधी काचच बघितली. कोरी.”

“आणि तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत?”

“तुम्ही बोलताय का, ते बघत होते.”

मान खाली घालून तो म्हणाला, “आज सांगतो. कासियानोला, म्हातारीला, सगळ्या गल्लीला. माझ्यामुळे लोक तुम्हाला चेटकीण म्हणतायत.”

“सांगाल. मग?”

“मग काय? खरं कळेल.”

“कळेल. कासियानो चार शिव्या देतील, तुम्ही त्या खाल. मग म्हणतील, ओढ आता रेघ. तुम्ही ओढाल. गाडी नीट चालेल, आणि मी इथे जेली विकत म्हातारी होईन.” तिने एका पेल्यावरची माशी हाकलली. “काल सासूबाईंनी कोकाची पानं टाकून भविष्य सांगणारीला बोलावलं होतं. ती म्हणाली, बाईला सीटवर परत बसवा, नाहीतर हेही इंजिन जाईल.”

“पानांनी असं सांगितलं?”

“पानांनी काय सांगितलं ते पानांना ठाऊक. त्या पानंवालीला माझी जेली फार आवडते.”

फोर्तुनातोला हसू आलं, पण ते ओठापर्यंत पोचलं नाही. “पण हे ओझं मला पेलवत नाही वहिनी.”

बासिलियाचा आवाज चढला. “तुम्हाला हलकं व्हायचंय, होय ना? माझी सीट एकदा घेतलीत. आता खरं सांगून तीच परत एकदा घालवणार आणि हलके होणार? ते ओझं आहे ना, ते ठेवा तुमच्याकडे.”

तो उठला आणि दुकानात परत गेला.

दोन दिवसांनी कासियानो गाडी घेऊन हजर. “तार होती तिथे लाव बाबा. ही बया खाली उतरली की गाडी रुसते.” बासिलिया मागे उभी होती, अगदी गरीब चेहरा करून. फोर्तुनातोने तार परत उजवीकडे नेली. डावीकडचा निळा दागिना मेला. मग त्याने इंजिन चालू ठेवून तापू दिलं, पाणी उकळायच्या बेताला आलं तेव्हा काटा कुठे आहे ते पाहिलं आणि खिशातली बाटली काढून रेघ ओढली. रेघ वाकडी आली. बासिलियाच्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या पोटाखाली त्याने एक बारीक लाल दिवाही लावला. काटा रेघेपाशी आला की तो पेटायचा, आणि उजेड फक्त तिच्या घागऱ्यावर पडायचा.

कार्निव्हलच्या मंगळवारी सगळ्या गल्लीने गाड्या सजवल्या. फिती, फुलं, आणि बरकतीसाठी चाकांवर बिअर. कासियानोने अर्धी बाटली आपल्या मिनीबसवर ओतली आणि ओरडून सांगितलं, “आमची बासिलिया काट्याकडे बघतसुद्धा नाही! मान खाली घालून पेंगत असते आणि एकदम म्हणते, थांबा! गाडीशी बोलते ती!” त्याची आईही मान हलवत होती. बायकांनी बासिलियाला वाट करून दिली, थोडी भीतीने, थोडी मानाने. ती हॅट सावरत हसत होती.

मग कासियानोने उरलेली बिअर फोर्तुनातोच्या हातात दिली आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. “आणि हा! माझं इंजिन गेलं, मी बुडालो होतो. सगळी वायरिंग याने फुकट केली. कधी खोटं बोलला नाही माझ्याशी. आजच्या काळात असा माणूस दाखवा मला!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोर्तुनातोचे ओठ हलले. गर्दीपलीकडून बासिलिया त्याच्याकडे एकटक बघत होती, तिच्या चेहऱ्यावर आता हसू नव्हतं.

“काय रे, काही बोलायचंय?” कासियानोने विचारलं. “की झालं?”

“झालं,” फोर्तुनातो म्हणाला आणि त्याने बाटली तोंडाला लावली.