हजेरीबाहेरच्या

मोठी जाऊ शिलाईच्या कारखान्यात दोरे कापायची. धाकटीलाही तिनंच तिथे चिकटवलं होतं. दोघी एकाच डब्यात जेवायच्या आणि सासूच्या नकला करून हसायच्या.

दोघींची नावं हजेरीपटावर नव्हती. तपासणीच्या साहेबाची गाडी फाटकाशी आली की सुपरवायझर अशा सगळ्या बायकांना कापडाच्या खोलीत कोंबायचा आणि बाहेरून कडी लावायचा. खोलीला खिडकी नव्हती.

"आपण भुतं गं," धाकटी कुजबुजायची, "मालकाला दिसतो, साहेबाला नाही."

त्या दिवशी साहेब रेंगाळला. कापडाच्या तुसानं धाकटीला खोकला सुटला. दमा तिला होताच. बाहेर पावलं वाजली. सापडलो तर सगळ्यांचंच काम जाईल, या धास्तीनं मोठीनं तिच्या तोंडावर हात दाबला.

"जरा कळ काढ. आत्ता जाईल."

धाकटीनं तिचं मनगट घट्ट धरलं. मग पकड सैल झाली. मोठीला वाटलं, उबळ थांबली.

कडी निघाली तेव्हा धाकटी गेलेली होती.

"ही बाई आमच्याकडे कामालाच नव्हती," मालक म्हणाला. दिरानं, धाकटीच्या नवऱ्यानं, खूप खेटे घातले. कुणी दाद दिली नाही.

मोठी पुन्हा कामावर गेली. पोट कुणासाठी थांबतं? पण जेवताना, केस विंचरताना तिच्या तळव्याला ओलसर, गरम श्वास लागायचा. हात धुऊन धुऊन कातडी सोलली.

पुन्हा गाडी आली, पुन्हा कडी लागली. अंधारात शेजारी कुणीतरी खोकलं.

"कोण गं?"

"कुणी नाही. गप बस."

ती उठली आणि दोन्ही मुठींनी दार बडवायला लागली. बायका तिला मागे ओढू लागल्या. "अगं, आमच्या पोटावर पाय देतेस!" ती थांबली नाही.

साहेबानंच कडी काढली.

"चिंध्या न्यायला आल्यात," मालक घाईनं म्हणाला.

"माझी जाऊ इथे मेली," मोठी म्हणाली. "या गठ्ठ्यांवर."

साहेबानं आत पाऊल टाकलं आणि त्यालाच ठसका लागला.

दाराची कडी उखडली गेली, बायका हजेरीवर चढल्या. मोठीला मात्र काहीतरी खुसपट काढून घालवलं. आता ती घरीच शर्टांना बटणं लावून देते.

दीर अधूनमधून येतो, उंबऱ्याशी टेकतो आणि तेच विचारतो, "वहिनी, शेवटी ती काही बोलली का हो?"

"तुमचं नाव घेतलं, भावजी," ती सांगते, आणि सुईत दोरा ओवू लागते.