पेडलच्या पोटातली वाळू

दिघीच्या धक्क्यावर हेमांगी आडवी पडली तेव्हा तिच्या मागे सहा पाहुणे सायकली धरून उभे होते. आगरदांड्याहून आलेली फेरीबोट नुकतीच लागली होती. उतारावर पुढचा टेम्पो एकदम थांबला, तिने ब्रेक दाबला, डावी टाच बाहेर वळवली आणि पाय पेडलमधून सुटलाच नाही. सायकलीसकट ती मनगटावर आपटली.

हेमांगी आगरदांड्याच्या कोळ्यांची सून. नवरा होडीवर, आणि ती गेली पाच वर्षं नागावच्या एका होमस्टेतल्या पाहुण्यांना किनाऱ्याने सायकलीवर फिरवते. तिच्या बुटांच्या तळाला लोखंडी पट्टी आहे. ती पेडलच्या कडीत खटकन बसते, मग कितीही खडबडीत वाट असली तरी पाय निसटत नाही. सोडवायचा तर टाच वळवायची. ती टाच तिने हजारो वेळा वळवली होती.

पडल्याचं तिला एवढं वाटलं नाही, राग आला तो पेडलचा. चारच दिवसांपूर्वी तिने ही पेडलं हर्षदच्या सायकलींच्या दुकानात सर्व्हिसिंगला दिली होती. "दोन्ही मी स्वतः खोलली. बेअरिंग धुतली, नवं ग्रीस भरलं, स्प्रिंग मोकळी केली," असं त्याने सांगितलं होतं, आणि पेडलं चकचकीत दिसतही होती.

संध्याकाळी तिने त्याला फोन केला.

"ताई, पेडलला काही झालेलं नाही," हर्षद म्हणाला. "पाय काढायची सवय असावी लागते. लेडीज लोकांना साधं पेडलच बरं."

"पाच वर्षं मी यावरच चालवतेय."

"तेच म्हणतो. वय झालं की चपळाई कमी होते."

हेमांगी छत्तीस वर्षांची होती. फोन ठेवल्यावर तिला सुचली ती सगळी उत्तरं तिने भांडी घासताना एकेक करून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पडवीत पेडलं काढायला बसली. सासू सोनाबाई शेजारीच सुका जवळा निवडत होत्या. हेमांगीच्या मनगटाला पट्टी होती, म्हणून पाना सोनाबाईंनी धरला. डावं पेडल उलट्या आट्याचं, नेहमीच्या उलट दिशेने फिरवून सैल होणारं, हे त्यांना सांगावं लागलं. एकदा कळल्यावर त्यांनी ते एका झटक्यात सैल केलं. टोकाची टोपी काढली, आतला छोटा नट सोडवला आणि हेमांगीने पेडल ज्यावर फिरतं तो आस ओढला. तो करकरत बाहेर आला. त्यावर ग्रीस नावालाही नव्हतं. होता तो तांबूस चिखल, वाळू आणि गंज. कडीची स्प्रिंग तर वाळूने गच्च झाली होती.

"हा गंज चार दिसांचा न्हाय गो," सोनाबाई बोटावर चिखल चोळून म्हणाल्या. "होडीच्या कप्पीला वरीसभर वंगण न्हाय घातलं का असाच निघतो."

"म्हणजे त्यानं उघडलंच नाही."

"फडकं मारलंन नुस्तं."

हेमांगीचे कान तापले. कामात चूक होते, ते तिला समजत होतं. पण काम न करता केलं म्हणायचं, आणि माणूस पडल्यावर त्यालाच पाय काढता येत नाही म्हणायचं? तिने रॉकेल आणि जुना टूथब्रश घेऊन एकेक भाग धुतला, उन्हात वाळवला, ग्रीस भरून पुन्हा जोडला. आस बोटाने फिरवला तर गुळगुळीत फिरला. उजवं पेडल मात्र तिने फक्त सायकलीवरून काढलं, उघडलं नाही. ते पिशवीत घालून ती दुपारच्या एसटीने हर्षदच्या दुकानात गेली आणि डाव्या पेडलमधून काय निघालं ते तिने सांगितलं.

"घरी उघडलंत? मग आमची जबाबदारी संपली," हर्षद म्हणाला.

"हे उजवं. हे मी उघडलेलं नाही. तुम्ही उघडा."

"आत्ता गिऱ्हाईक आहे."

गिऱ्हाईक म्हणजे येसाजी, एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. सर्व्हिसिंग झालेली आपली पेडलं न्यायला आले होते. "मला घाई न्हाय," ते म्हणाले. "उघडा की."

हर्षद जागचा हलला नाही. हेमांगीने काउंटरवरचा पाना उचलला, टोपी काढली, नट सोडवला. काउंटरच्या काचेवर तांबूस पाणी आणि चिमूटभर वाळू पडली.

"कामगाराने केलं असेल," हर्षद म्हणाला.

"स्वतः केलं म्हणालात तुम्ही."

येसाजींनी आपलं एक पेडल तिच्यापुढे सरकवलं. "आता ह्ये बघा, बाई."

तेही आतून कोरडं निघालं. हर्षदचा आवाज खाली आला. "द्या, सगळ्यांचं पुन्हा करून देतो."

"पेडल माझं मी करीन. लेडीज लोकांबद्दल बोललात ते मागे घ्या."

"मी आपलं जनरल बोललो."

ते त्याने मागे घेतलं नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. येसाजींनी त्याच्याशी बराच वाद घातला. हेमांगी पेडल पुसून पिशवीत टाकून निघून आली.

मनगट बरं व्हायला तीन आठवडे गेले. होमस्टेच्या साऱ्या सायकलींची पेडलं आता पावसाळ्याआधी आणि नंतर तीच उघडते, आगरदांड्याच्या पडवीत. हर्षदचं दुकान चालूच आहे. एखादा पाहुणा विचारतो, इथे सर्व्हिसिंग कुठे करून मिळेल? मग ती सायकल थांबवते, आणि काय झालं ते पहिल्यापासून सांगते. सांगताना दर वेळी तिचा आवाज चढतो, आणि तो खाली आणायची गरज तिला वाटत नाही.