खिडकीसमोरची शेवंती

बाबांच्या खोलीत ट्यूबलाइट होती आणि तिच्या उजेडात धडधाकट माणूससुद्धा मढ्यासारखा दिसायचा. त्यात बाबा धडधाकट राहिले नव्हते. त्या उन्हाळ्यात त्यांना लकव्याचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. हात हळूहळू हलायला लागला, वाचा काही परतेना. डॉक्टर म्हणाले, "मनाने खचलेत. खोली प्रसन्न ठेवा, उजेड ठेवा, बोलत राहा. दिवाळीपर्यंत बोलले तर बोलले." त्या 'तर'ने आम्हा मायलेकींची झोप उडवली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मखमलाबादच्या पुढे आमचा मळा, बाबा आणि काका मिळून शेवंती करायचे. मी नाशकात कॉलेजला जात होते आणि साप्ताहिकातली घरसजावटीची पानं वाचून स्वतःला मोठी जाणकार समजत होते. खोली प्रसन्न करायचं काम अर्थातच मी अंगावर घेतलं. भिंतींना फिकट पिवळा रंग दिला. मेनरोडवरून भलंमोठं चित्र आणलं: बर्फाचे डोंगर, धबधबा, लाल छपराचं घर, तळ्यात बदकं. सगळा जन्म मळ्यात काढलेल्या माणसाला मी निसर्ग विकत आणून दिला! ट्यूब काढून चित्राच्या वर शंभराचा बल्ब लावला. खोली एकदम उबदार दिसायला लागली. शेजारणी येऊन "लय भारी" म्हणून गेल्या आणि मी फुगले.

बाबांनी चित्राकडे जी पाठ केली ती केलीच. तोंड कायम समोरच्या खिडकीकडे, बाहेरच्या शेवंतीकडे. संध्याकाळी बल्ब लावला की ते बेचैन व्हायचे. डाव्या हाताने पलंगावर थापा मारायचे, घशातून घरघर आवाज काढायचे. त्यांना रात्रीची भीती वाटते, असं आम्ही आपसांत ठरवून टाकलं. मग आई बल्ब रात्रभर चालू ठेवायला लागली.

आमच्याकडे गणपती उठले की मळ्याच्या बाजूला कोणी दिवा लावत नसे. शेवंतीला लांब रात्र लागते. रात्री उजेड पडत राहिला तर दिवस लहान झाल्याचं तिला कळतच नाही, ती नुसती वाढत राहते, कळी धरत नाही. ओट्यावरच्या बल्बलासुद्धा काकांनी मळ्याच्या अंगाने पत्रा ठोकला होता. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण हा बल्ब खोलीतला, तोही आजारी माणसासाठी लावलेला. त्याचा मळ्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दसरा झाला आणि एका संध्याकाळी काका चपलांसकट खोलीत घुसले.

"वहिनी, खिडकीसमोरची शेवंती पाहिली का? कमरेएवढी झाली, पण कळी नाय. एक नाय!"

आई बाबांचे पाय चेपत होती. मान वर न करता म्हणाली, "पाहिली. मला आधीच ठाऊक होतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. काकांचा चेहरा लाल झाला.

"ठाऊक होतं? आणि तरी दिवा लावून ठेवला?"

"फुलं पुढल्या साली येतील, भाऊजी."

"पुढल्या साली येतील, पण दिवाळी यंदाची हाय. ही दिवाळी गेली तर खायचं काय आपण?"

"वाफे गेले तर जाऊ देत. अंधारात हे घाबरतात. हे बोलायचे राहिले, तर तुमची दिवाळी घेऊन मी काय करू?"

काका स्टूल ओढून चित्राखाली गेले. आईने ताडकन उठून स्टूल धरलं. तिला कोणाशी असं भांडताना मी कधी पाहिलं नव्हतं. काका तरी वर चढले, खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळला आणि बल्बला हात घातला. मी "काका, नको" म्हणत मध्ये पडले. इकडे बाबांच्या थापा सुरू झाल्या होत्या, जोरजोरात.

"बघा, घाबरले ते!" आई ओरडली.

"घा..." बाबा म्हणाले.

आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. बाबांच्या कपाळावरची शीर तटतटली होती, ओठ वाकडे होत होते. घामाने डबडबलेला त्यांचा चेहरा खिडकीकडेच होता.

"घालव. दिवा घालव." आणि मग एकेक शब्द ओढून काढत म्हणाले, "शेवंती... जागीच... हाय."

म्हणजे रोज संध्याकाळी ते हेच सांगत होते. त्यांना अंधाराची भीती कधी वाटलीच नव्हती. आम्ही आपल्या मायेने रोज दिवा लावत होतो, आणि डोळ्यांदेखत शेवंती वाया जाताना त्यांना मुकाट बघावं लागत होतं. मला रडू आवरेना.

आईने स्टूल सोडलं. भिंतीपाशी गेली आणि तिनेच बटण बंद केलं. माझे डोंगर, बदकं, सगळं काळोखात गेलं.

थोड्या वेळाने पलंगावरून बाबांनी विचारलं, "बाकीची... धरली का?"

काका चाचपडत खाली उतरले आणि बाबांच्या पायाशी बसले.

"धरली, दादा," ते म्हणाले. "बाकीची सगळी धरली."